टेकडी कुठली

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात त्या दिवशी टेकडीवरून जुंपली. लांब टेबलाच्या एका टोकाला पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, दुसऱ्या टोकाला फोटो स्टुडिओचे मालक, आणि मधोमध ग्रंथालयाचे चिटणीस. चिटणीस दोघांनाही "बरोबर आहे, अगदी बरोबर आहे" म्हणत होते. त्यांचा स्वभावच तसा. पाणी वर चढतं की खाली उतरतं असं कुणी विचारलं असतं, तरी त्यांनी आधी समिती नेमली असती.

भांडण साधं होतं. शहरात एकच कवी होऊन गेला, आणि तोही औषधाचं दुकान चालवणारा. लोकांना त्याची एकच कविता ठाऊक होती. पण ती शाळेच्या पुस्तकात असल्यामुळे झाडून सगळ्यांना ठाऊक होती. कविता छापून आली त्याला अर्धशतक उलटलं म्हणून कवितेतल्या टेकडीवर दगडी बाक बसवायचं आणि त्यावर ओळी कोरायच्या, असा ठराव एकमताने झाला. चहा झाला. मग कुणीतरी विचारलं, "पण टेकडी कुठली?" आणि एकमताचे बारा वाजले. शहराला टेकड्या दोन. एकीवर पाण्याची टाकी, दुसरीच्या पोटात दगडाची बंद पडलेली खाण. इंजिनियरसाहेबांनी आयुष्य टाकीपायी घातलेलं, त्यामुळे कविता टाकीचीच. फोटोवाल्यांनी खाणीवरून सूर्योदयाचे फोटो काढून स्टुडिओ चालवलेला, त्यामुळे कविता खाणीची. त्या दिवसापासून एकाला टाकीवाले आणि दुसऱ्याला खाणवाले हेच नाव पडलं.

भिंतीवर ती कविता फ्रेम करून लावलेली होती. चिटणीसांनी वाद शांत व्हावा म्हणून ती मोठ्याने वाचली:

रात्रभर टेकडी तापली होती,
वारा दाराशी अडला होता;
पहाटे गवताच्या कपाळी घाम,
पहाटे उतार पडला होता.

धुके पांघरून निजली टेकडी,
पापणी माझी मिटली नाही;
कोणास काही बोललो नाही,
नुसते पाहिले, उठलो नाही.

"घ्या! दार म्हणजे खिंड. खिंड टाकीच्या बाजूला आहे," टाकीवाले म्हणाले.

"आणि धुकं? धुकं खाणीत साठतं. टाकीवर काय साठतं? शेवाळ," खाणवाले म्हणाले.

शेवटी चिटणीसांनी आपला हुकमाचा पत्ता काढला. ते म्हणाले, "आपण बाईंना विचारू. शेवटचा शब्द त्यांचा."

बाई म्हणजे कवीची मुलगी. कॉलेजात साहित्य शिकवायच्या, आणि या आठ ओळींवर त्यांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. आठ ओळींवर एवढं पुस्तक म्हणजे चमचाभर औषधाला घडाभर पाणी, असं काही लोक म्हणायचे. पण ते पुस्तक परीक्षेला उपयोगी पडायचं, म्हणून मुलं मुकाट्याने विकत घ्यायची. त्यांना बोलावून विचारलं, तेव्हा बाईंनी "पुढच्या बैठकीत सांगते" म्हटलं आणि त्या घरी आल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता, आणि त्याचं कारण टाकी किंवा खाण नव्हतं.

बाईंच्या पुस्तकाचा गाभा असा होता. मुलांना त्या फळ्यावर दोन रकाने पाडून समजावत. ज्याच्याबद्दल बोलायचं ते उपमेय, आणि ज्याच्यासारखं म्हणायचं ते उपमान. मुख चंद्रासारखं, तर मुख उपमेय, चंद्र उपमान. या कवितेत टेकडी तापते, गवताला कपाळ आहे, त्याला घाम येतो, आजार उतरावा तसा तिचा ताप उतरतो. म्हणजे टेकडी उपमेय आणि आजारी माणूस उपमान. कवीने निर्जीव टेकडीला माणूस केलं. का केलं? तर त्याच्या आसपासच्या माणसांत त्याला कुणी आपलं वाटत नव्हतं म्हणून. तो घरातून निघून टेकडीवर रात्रभर बसला. "कोणास काही बोललो नाही" या ओळीवर तर बाईंचं अख्खं प्रकरण होतं: कवीला बोलायला घरात कुणी नव्हतं.

हे प्रकरण लिहिताना बाईंना काय झालं असेल ते तुम्हीच बघा. त्या घरात कोण होतं? त्यांची आई आणि त्या स्वतः.

वडील अबोल होते हे खरंच. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घरी येईपर्यंत शब्दांचा साठा संपलेला. मुलगी पहिली आली तरी "बरं", नापास झाली असती तरी बहुधा "बरं"च म्हणाले असते. ती शिकायला दुसऱ्या गावी निघाली तेव्हा बाकीच्यांचे वडील स्टेशनवर डोळे पुसत होते. तिच्या वडिलांनी गोळ्यांची एक पिशवी हातात दिली आणि कुठली गोळी कधी घ्यायची ते सांगितलं. एवढंच. आणि या माणसाने एका टेकडीसाठी पापणी मिटली नाही! गवताच्या कपाळावरचा घाम त्याला दिसला. मग आमच्या कपाळाने काय घोडं मारलं होतं? बाईंना टेकडीचा हेवा वाटायचा. पन्नाशी उलटलेल्या, केस पिकलेल्या बाईला एका मातीच्या ढिगाचा हेवा वाटावा ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नाही, म्हणून त्यांनी ती कुणाला सांगितली नव्हती. आणि आता त्यांनीच जाऊन बोट दाखवायचं होतं, की हीच ती टेकडी, जिला माझ्या बापाने जीव लावला. त्या बाकावर लोक बसून शेंगा खाणार.

बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी आईला गाडीत घातलं. आई त्यांच्याकडेच राहायची. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. "बाबा कुठल्या टेकडीवर जायचे ते तू नुसतं दाखव," बाई म्हणाल्या.

"टेकडीवर?" आई म्हणाली. "बरं, चल. तेवढीच हवा."

गाडी टाकीच्या टेकडीवर अगदी वरपर्यंत जायची. वर सिमेंटची टाकी, तिच्याभोवती तारेचं कुंपण, कुंपणाबाहेर वाळलेलं गवत आणि खाली सगळं शहर. आईने काच खाली केली, बाहेर पाहिलं, आणि म्हणाली, "छान आहे. मी पहिल्यांदाच आले."

"तू पहिल्यांदा. पण बाबा?"

"ते कशाला येतील? त्यांना धाप लागायची. दुकानाच्या माळ्यावर चढायचं तरी नोकराला पाठवायचे. शिडीवर उभं राहिलं की गरगरायचं त्यांना."

"मग खाणीची टेकडी असेल."

"अगं, धाप काय टेकडी बघून लागते?"

बाई म्हणाल्या, "तरुणपणी जात असतील. तुला न सांगता."

"मला न सांगता ते मोरीतसुद्धा गेले नाहीत कधी," आई म्हणाली. "डोंगर आवडायचे त्यांना, नाही असं नाही. कॅलेंडरवरचे. दुरून डोंगर साजरे, तेवढंच ह्यांचं."

बाईंना आता आईचाच राग यायला लागला. म्हाताऱ्या माणसाची आठवण, काय भरवसा? कविता तर छापलेली समोर होती. त्यांनी शिकवताना वापरत तो आवाज काढला. "आई, कवितेत स्पष्ट आहे. कवी रात्रभर टेकडीवर होता. उगाच कसा लिहील?"

"काय लिहिलंय? म्हणून दाखव बघू. माझ्या लक्षात नाही सगळी."

बाईंना ती झोपेतही म्हणता आली असती. त्यांनी सुरुवात केली. "रात्रभर टेकडी तापली होती..."

"एकशे चार," आई म्हणाली.

"काय?"

"काही नाही. पुढे."

"वारा दाराशी अडला होता. इथे दार म्हणजे खिंड, बरं का."

"कसली खिंड? दार म्हणजे दार. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वारा लागू देऊ नका. म्हणून लावून घेतलं होतं. त्याची कडी बसत नव्हती नीट, तर ह्यांनी खुर्ची सरकवून लावली. रात्रभर वारा नुसता धडका मारत होता."

बाईंनी स्टिअरिंगवरचा हात काढला. "कुठलं दार, आई?"

"आपल्या मागच्या खोलीचं. तू पुढे म्हण ना."

"पहाटे... गवताच्या कपाळी घाम."

आई हसली. "गवत! तुझे केस गं. न्हाऊ घातलं तरी असे उभेच्या उभे. हे म्हणायचे, गवत वाढलंय, कापायला पाहिजे. आणि मी म्हणायची, कात्री लावाल तर बघा. दोन वर्षांची होतीस तू. तुला ताप आला तो काही केल्या हटेना. दुकानातली सगळी औषधं झाली, डॉक्टर दोनदा येऊन गेले, आणि जाताना म्हणाले, आजची रात्र काढा. असं म्हटल्यावर आईबापाचं काय होतं ते विचारू नकोस. आम्ही पाळीपाळीने बसलो. आणि पहाटे तुझ्या कपाळाला घाम फुटला."

"उतार पडला," बाई म्हणाल्या.

"पडला बाई. दुकानात दिवसभर ह्यांच्या तोंडी तेच असायचं ना. गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न, 'उतार आहे का?' त्या दिवशी स्वतःलाच सांगायची वेळ आली."

बाई साहित्य शिकवण्यात केस पांढरे करून बसलेल्या. 'उतार पडणे' म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्याच पुस्तकात ते होतं, तळटीप घालून. पण पुस्तकात आजार हा नुसता अलंकार होता. खऱ्या अंगात खरा ताप असेल हे त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. पाठ्यपुस्तकात कवितेच्या डोक्यावर कुणीतरी टेकडीचं चित्र काढलं, खाली 'निसर्गकविता' म्हणून छापलं, आणि एकदा चित्र बघितल्यावर शब्द कोण वाचतो?

"पण टेकडी?" त्यांनी विचारलं. "टेकडी कशाला म्हटलं मग?"

आईने उजव्या हाताची मूठ डाव्या तळव्यावर पालथी ठेवली आणि मनगट वर उचललं. "अशी झोपायचीस तू. गुडघे पोटाशी, डोकं उशीत, आणि ढुंगण वर. वरून पांढरी चादर घातली की हुबेहूब टेकडी. रोज दुकानातून आले की चपला काढायच्या आधी विचारायचे, 'टेकडी झोपली का?' पुढे तू मोठी झालीस, सरळ झोपायला लागलीस, मग सुटलं ते नाव."

बाहेर टाकीत पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. बाई समोरच्या काचेतून बघत राहिल्या, पण त्यांना शहर काही दिसत नव्हतं. आयुष्यभर फळ्यावर दोन रकाने पाडले आणि नेमके या कवितेचे उलटे भरले. टेकडी उपमेय नव्हतीच. कविता टेकडीबद्दल नव्हती. टेकडीसारख्या दिसणाऱ्या कुणाबद्दल तरी होती, आणि ते कुणी तरी हातात खडू घेऊन वर्षानुवर्षं मुलांना सांगत होतं की या कवीचं घरात कुणावर प्रेम नव्हतं. परीक्षेत ही चूक कुणी केली असती तर बाईंनी स्वतः शून्य दिलं असतं.

"आणि तुम्ही दोघं गप्प बसलात?" त्या एकदम म्हणाल्या. आता त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता. "मी एवढं पुस्तक लिहिलं. बाबा तेव्हा होते. सांगायचं नाही?"

"तू कधी विचारलंस? तू सांगायचीस," आई शांतपणे म्हणाली. "काखेत कळसा नि गावाला वळसा. तुझं पहिलं भाषण होतं ना ग्रंथालयात, या कवितेवर, तेव्हा हे गेले होते ऐकायला. मागच्या खुर्चीवर बसले. घरी आले आणि म्हणाले, किती छान समजावते गं, सगळे मन लावून ऐकत होते. मी म्हटलं, अहो, पण ते चुकीचं ना? तर म्हणाले, असू दे. तिला वाईट वाटेल. एवढ्या लोकांसमोर बोललीय."

बाईंनी गाडी सुरू केली. खाणीकडे जायची आता गरज नव्हती. उतारावरून खाली येताना आईने दोनदा सांगितलं की सावकाश चालव, आणि दोन्ही वेळा बाईंनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वाचनकक्ष भरला होता. निम्मे टाकीचे, निम्मे खाणीचे, आणि काही नुसते चहाचे. टाकीवाल्यांनी नकाशा आणला होता, खाणवाल्यांनी फोटो मोठे करून आणले होते. बाईंनी आईला पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि त्या टेबलाशी उभ्या राहिल्या. घरून निघताना त्यांनी ठरवलं होतं की 'कविता कल्पनेतली आहे, कुठलीही टेकडी चालेल' असं म्हणून मोकळं व्हायचं. पुस्तकाची लाज राहिली असती, कुणी दुखावलं नसतं. वडिलांनीही तेच केलं असतं. पण समोर एवढी माणसं बघितल्यावर त्यांना आठवलं, की वडील त्यांचं भाषण ऐकायला मागे बसले होते ते याच खोलीत. मग त्यांना खोटं बोलवेना.

"टेकडी कुठली, असं तुम्ही विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "टेकडी म्हणजे मी."

चिटणीस सवयीने "अगदी बरोबर आहे" म्हणून गेले आणि मग दचकले.

बाईंनी सगळं सांगितलं. ताप, दार, चादर, गवतासारखे केस. झोपायची पद्धतसुद्धा सांगितली, तेव्हा मागून कुणीतरी हसलं आणि त्याही हसल्या. आपल्या पुस्तकात काय चुकलं तेही न अडखळता सांगितलं. टाकीवाल्यांनी हळूच नकाशाची गुंडाळी केली. मग त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "माझ्याही नातवाला असाच ताप आला होता एकदा. एकशे चार. मग तुमचा उतरला कसा?" आईने खुर्चीवरूनच उत्तर दिलं, "उतरायचा होता म्हणून उतरला."

खाणवाले मात्र इतक्या सहजासहजी हटणारे नव्हते. मेहनत करून फोटो मोठे केलेले. ते उठले. "बाई, बाकी सगळं पटलं. पण एक ओळ बसत नाही. 'कोणास काही बोललो नाही.' तुम्हीच लिहिलंय की त्यांना घरात बोलायला कुणी नव्हतं. आता तुम्ही म्हणता घरात आईसाहेब होत्या. पोरीचा ताप उतरला, तर माणूस बायकोला ओरडून सांगेल की नाही? हा गप्प का बसला?"

या ओळीवर बाई तासभर बोलू शकल्या असत्या. पण हे त्यांनाही माहीत नव्हतं. काल गाडीत त्या तिथपर्यंत पोचल्याच नव्हत्या. त्यांनी आईकडे पाहिलं.

आई जरा ओशाळली. एवढ्या लोकांसमोर स्वतःचं काही सांगायची तिला सवय नव्हती. "मला झोप लागली होती हो," ती म्हणाली. "किती रात्री झोप नव्हती, बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकलं आणि डोळा लागला. पोर तशी आजारी, आणि मी झोपले! जाग आली तर चांगलं उजाडलेलं, आणि हे आपले आम्हा दोघींच्या मध्ये मांडी घालून बसलेले. मी हिच्या अंगाला हात लावला, तर गार. मी म्हटलं, अहो, मला उठवायचं नाही का? केव्हा उतरला? तर म्हणाले, पहाटेच उतरला. हललो असतो तर तू जागी झाली असतीस. तुझीही झोप राहिली होती."

खाणवाले खाली बसले.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. खाणवाल्यांनी प्रश्न विचारला होता आणि वर्गात प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी इतकी वर्षं शिकवलं, की या कवितेत एक एकटा माणूस आहे. नाही. तिघं आहेत. दोघी झोपल्यात, आणि एक जण जागा आहे."